औद्योगिक विद्यालयांतील उपक्रम आणि जुने विद्यार्थी

घरांतला दिवा अचानक मालवला, किंवा स्वयंपाकघरांतला नळ रात्रभर ठिबकूं लागला, म्हणजे सुखवस्तु शहरी घरांतहि कारागिराची वाट पाहिली जाते. तो येतो, पिशवी उघडतो, घटकाभरांत काम उरकतो व पैसे घेऊन जातो. तो कोठें शिकला, कोणाच्या हाताखालीं शिकला, त्याच्या शाळेंत कधीं सामने होत होते कीं नाहीं, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. डॉक्टर आपल्या कॉलेजचा अभिमान बोलून दाखवितो, वकील आपल्या वसतिगृहाच्या आठवणी रंगवून सांगतो. परंतु जोडारी, कातारी, संधाता किंवा वीजतंत्री यांच्या विद्यालयाला आठवणीच नसतात, अशी पुष्कळांची समजूत असते.

ही समजूत अगदींच निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून स्नेहसंमेलनें होतात, सामने होतात, क्वचित् माजी विद्यार्थ्यांचा मेळावाहि भरतो; पण एके वर्षीं थाटानें झालेली गोष्ट दुसऱ्या वर्षीं होईलच असा भरंवसा नसतो. याचें खापर कोणी मुलांच्या उदासीनतेवर फोडतो, कोणी शिक्षकांच्या आळसावर. खरें कारण पंचांगांत आहे, आणि तें ध्यानांत आल्यावांचून या कामाचें मर्म कळत नाहीं.

भारत सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना सन १९५० मध्यें सुरू केली. तिच्या अन्वयें जोडारी, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर संधाता, नळकारागीर यांचे एकाच वर्षाचे असतात. दहावी उतरलेला मुलगा पावसाळ्यांत दाखल होतो. पहिले कांहीं आठवडे हातांत नीट हत्यार धरण्यांतच जातात. जोडारी असेल तर लोखंडाचा एक तुकडा कानशीनें चौरस करतां करतां त्याच्या तळहाताला घट्टे पडतात. दिवाळीच्या सुमारास त्याला सोबत्यांचीं नांवें पाठ होतात. आणि तो संधात्याच्या वर्गांतला असेल तर पुढच्या पावसाळ्यांत परीक्षा देऊन बाहेरहि पडलेला असतो. अशा मुलानें क्रीडा-समितीचा चिटणीस व्हावयाचें केव्हां, तें काम शिकावयाचें केव्हां, आणि पुढच्याला शिकवावयाचें तरी केव्हां? साध्या कॉलेजांत तीन-चार वर्षांचा सहवास असतो; वरच्या वर्गाचा विद्यार्थी खालच्याला हाताशीं धरून सारी रीतभात दाखवितो. औद्योगिक संस्थेंत ही साखळी जवळ जवळ दर वर्षीं तुटते.

ती न तुटली तर काय होतें याचें उदाहरण पुण्यासच आहे. पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज सन १८५४ मध्यें निघालें तें सार्वजनिक बांधकामांसाठीं दुय्यम दर्जाचे अधिकारी तयार करणारा एक वर्ग म्हणून. अर्थात् मुळांत तेंहि एक व्यावसायिक विद्यालयच होतें. तेथें सन १९२८ पासून नौका-मंडळ आहे, आणि त्याचा ‘रेगाटा’ नांवाचा वार्षिक उत्सव पुणेकरांच्या चांगला परिचयाचा आहे. नदीच्या पात्रांत नावांच्या रचना होतात, अंधार पडल्यावर मशाली पेटतात आणि काठावर गर्दी जमते. पाहणाऱ्याला मशाली दिसतात. पण वल्हें कसें धरावें, नाव पाण्यांत केव्हां उतरवावी, तुटलेली फळी कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी, हें सर्व ज्ञान वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून खालच्याकडे, असें पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेलें असतें. त्यामुळेंच तेथला जुना विद्यार्थी उत्सवाला येतो तो कोणाचें व्याख्यान ऐकावयास नव्हे, तर आपण वल्हविलेल्या नावेंत आज कोण बसलें आहे, हें पाहावयास.

एक-दोन वर्षांच्या शाळेला हें भाग्य नाहीं. तेथें परंपरा मुलांच्या ठिकाणीं टिकत नाहीं. ती कोणा तरी स्थायी माणसाच्या हातीं असावी लागते. असा माणूस म्हणजे उपक्रमांचा संयोजक. तो बहुधा संस्थेंतील एक निदेशकच असतो; दिवसभर कर्मशाळेंत उभें राहिल्यावर हें जास्तीचें ओझें त्याच्या डोक्यावर येतें. आणि सरकारी नोकरींत त्याचीहि बदली होते! म्हणून खरोखरी स्थायी असते ती त्याची टिपणवही. गेल्या वर्षीं मांडवाला काय खर्च आला, ध्वनिक्षेपक कोणी फुकट दिला, पाणी किती वाजतां संपलें, बक्षिसांपैकीं कोणतीं मुलांना आवडलीं व कोणतीं कपाटांत पडून राहिलीं, हें सर्व त्या वहींत असावें. विशेषतः काय बिघडलें तें अवश्य असावें. कार्यक्रम यशस्वी झाल्याचे अहवाल पुष्कळ सांपडतात, पण त्यांवरून पुढच्या संयोजकाला कांहींएक शिकतां येत नाहीं. बिघडलेल्या गोष्टींची अर्धें पान यादी मिळाली तर त्याचे दोन महिने वांचतात.

आतां उपक्रम कोणते घ्यावेत? पुष्कळ ठिकाणीं कॉलेजांतले कार्यक्रम जसेच्या तसे उचलले जातात: वेषभूषा, गाणीं, नृत्य, आणि शेवटीं पाहुण्यांचें लांबलचक भाषण. मुलांनीं नाचूं-गाऊं नये असें कोणी म्हणणार नाहीं. तीं सोळा-सतरा वर्षांचीं असतात. परंतु या शाळेला शोभणारे सण तिच्या स्वतःच्या घरचे आहेत. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, महाराष्ट्रांत हत्यारांची पूजा होते. पूर्वी ढाल-तलवारी पुजीत. कर्मशाळेंत लेथ, ड्रिल, ऐरण व व्हाइस यांना फुलें वाहतात. अनेक संस्थांतून सप्टेंबरच्या १७ तारखेला विश्वकर्म्याची पूजा होते. पूजा आटोपशीरच असते. तिच्या आदल्या दिवसाला खरें महत्त्व. त्या दिवशीं मुलें यंत्रें पुसतात, कोपऱ्यांतला लोखंडाचा कीस काढतात, वंगण घालतात, हरवलेल्या पान्यांचा शोध लागतो. वर्षभर सांगूनहि जी स्वच्छता होत नाहीं ती त्या एका दुपारीं हंसत-खेळत होते. शिवाय दुसऱ्या वर्षाचा मुलगा पहिल्याला ‘हें असें पूस’ म्हणून सांगतो, तेव्हां तुटलेल्या साखळीची एक कडी तेवढ्यापुरती जुळते.

दुसरा उपक्रम म्हणजे मुलांच्या कामाचें प्रदर्शन. येथें पालकांना बोलावणें फार अगत्याचें आहे. या मुलांपैकीं कित्येकांचे आईबाप शेतावर राबणारे किंवा हातगाडी ढकलणारे असतात. मुलगा शाळेंत काय करतो हें त्यांना गुणपत्रिकेवरून समजत नाहीं. पण त्यानें स्वतः जोडलेला विजेचा फलक, बटण दाबतांच पेटणारा दिवा, हें बापाला तात्काळ समजतें. मुलींच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. तारजोडणी शिकणाऱ्या मुलीला ‘हें कसलें शिक्षण?’ असें घरांत दहा वेळां ऐकावें लागलेलें असतें. चार शेजाऱ्यांसमक्ष तिनें मोटार सुरू करून दाखविली कीं तो प्रश्न पुष्कळदां पुन्हा निघत नाहीं.

कोणताहि उपक्रम असो, त्याचा हिशेब मुलांनींच ठेवावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते व बहुधा टाळली जाते, कारण निदेशकाला स्वतः हिशेब लिहिणें सोपें जातें. परंतु आजचा नळकारागीर उद्यां कोणाच्या तरी घरीं काम पाहून खर्चाचा अंदाज सांगणार असतो. माल किती, मजुरी किती, आगाऊ रक्कम किती मागावी, पावती कशी द्यावी, हें न येणारा उत्तम कारागीरहि जन्मभर दुसऱ्याच्या हाताखालीं राहतो. मांडवाच्या तीन दुकानांतून भाव काढून आणणें आणि उरलेले पैसे पावत्यांसह परत करणें, एवढें ज्या मुलानें एकदां केलें, त्यानें स्नेहसंमेलनांत दुसरें कांहींहि केलें नाहीं तरी चालेल.

माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तेथें पहिली अडचण पत्त्याची. पूर्वी परीक्षेनंतर प्रमाणपत्र घ्यावयास मुलाला संस्थेंत यावें लागे. त्या निमित्तानें त्याची गांठ पडे, नोकरी लागली कीं नाहीं तें कळे. आतां प्रमाणपत्र संगणकावरून उतरवून घेतां येतें. मुलाची खेप वांचली हें चांगलेंच झालें. पण त्याला पुन्हा भेटण्याचें एक सहज कारण नाहींसें झालें. सन २०२२ पासून या संस्थांचा पदवीदानासारखा दीक्षान्त-समारंभ होऊं लागला आहे, त्यानें ही उणीव कांहीं अंशीं भरून निघेल. तरीहि जाणता संयोजक त्यावर विसंबत नाहीं. तो शेवटच्या परीक्षेपूर्वीच वही फिरवितो आणि मुलाच्या फोनच्या आंकड्याबरोबर गांवचा पत्ता व घरांतल्या एका वडील माणसाचें नांव लिहून घेतो. तरुण मुलाचा फोन वर्षांत दोनदां बदलतो; आजोळचें घर बदलत नाहीं. फोनवरचे गट सोयीचे आहेत खरे, परंतु गट चालविणारा मुलगा परगांवीं गेला कीं तो गट मुका होतो, म्हणून कागदाची वही सुटत नाहीं.

दुसरी अडचण दिवसाची. शहरी लोकांना रविवार हा सर्वांचा सुट्टीचा दिवस वाटतो. पिंपरी-चिंचवड व भोसरी या भागांतल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीं असते. तेथें काम करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना रविवारच्या मेळाव्याचें आमंत्रण धाडणें म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवून या म्हणण्यासारखें आहे. आणि ते आले नाहींत म्हणजे ‘मुलांना शाळेची आठवण नाहीं’ असा शेरा मारावयास आपण मोकळे! पाळीवर काम करणाऱ्यासाठीं वेळहि विचारून ठरवावी लागते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळीं नऊच्या दीपप्रज्वलनाला डोळे उघडे ठेवूं शकत नाहीं.

मेळावा भरला तर त्यांत करावें काय? हार, श्रीफळ, मनोगतें यांत तीन तास सहज जातात व कोणाच्या हाताला कांहीं लागत नाहीं. त्यापेक्षां कर्मशाळेचें कुलूप काढावें. जुन्या कातार्‍याला त्याच्या जुन्या लेथपाशीं उभें करावें आणि भोंवतीं आजचीं वीस मुलें जमूं द्यावीं. तो कारखान्यांत रोज जें माप सांभाळतो त्याविषयीं बोलेल; ज्याला व्यासपीठावर चार वाक्यें सुचत नाहींत तो यंत्रापाशीं तासभर बोलतो. मुलेंहि त्याला असे प्रश्न विचारतात कीं जे पाहुण्याला कधींच विचारणार नाहींत: पगार किती, खोलीचें भाडें किती, बोट कापलें तर कोण पाहतो. दुपारचें जेवण तेथेंच, कर्मशाळेच्या ओसरीवर, एका पंगतीला व्हावें.

या मेळाव्याचा रोकडा उपयोगहि आहे. सन १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वयें कारखानदारांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. सन २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणें तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांवर हें बंधन असून, उमेदवारांचें प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या शेंकडा अडीच ते पंधरा ठरलें आहे. कायदा जागा निर्माण करतो. पण अमक्या कारखान्यांत यंदां जागा कधीं निघणार, तेथें उमेदवाराला काम शिकवितात कीं नुसती झाडलोट करवितात, ही खबर जुन्या विद्यार्थ्यावांचून दुसरा कोणी देत नाहीं. खेड्यांतून आलेल्या मुलाचा शहरांत मामा-काका नसतो. चार वर्षांपूर्वी त्याच बांकावर बसलेला माणूस त्याचा मामा होऊं शकतो.

परंतु मेळाव्याला कोण येतो, यापेक्षां कोण येत नाहीं याकडे संयोजकाचें लक्ष अधिक हवें. ज्याला बरी नोकरी लागली तो नवा सदरा घालून येतो. कातारकाम शिकून जो आज रिक्षा चालवितो, किंवा ज्याची उमेदवारी संपल्यावर कारखान्यानें त्याला ठेवला नाहीं, तो येत नाहीं. त्याला लाज वाटते. वास्तविक संस्थेला सर्वांत मोलाची माहिती त्याच्यापाशींच असते. आपल्याला शिकविलेलें यंत्र कारखान्यांत कोठें राहिलेंच नव्हतें कीं काय, मुलाखतींत आपण कशानें अडखळलों, गांवाकडून येण्याजाण्याचा खर्च पगारांत बसेना कीं काय, हें तोच सांगूं शकतो. छापील निमंत्रणानें हा माणूस हलत नाहीं. त्याला ज्या निदेशकानें शिकविलें त्यानें स्वतःच्या हातानें पत्र लिहावें लागतें, व त्यांत सत्काराचा उल्लेख न करतां एवढेंच लिहावें कीं, ‘नव्या मुलांना लेथवर हात बसवून द्यावयास एक माणूस कमी पडतो आहे, तूं ये.’

तो पहिल्या वर्षीं येईलच असें नाहीं. म्हणून पंगत उठल्यावर, मंडळी पांगण्यापूर्वी, संयोजक पत्त्यांची वही पुन्हा उघडतो. गैरहजर असलेल्यांचीं नांवें तो मोठ्यानें वाचीत नाहीं. त्या त्या गांवाकडे जाणाऱ्या माणसाला बाजूला घेऊन एक-दोन नांवें हळूच देतो, आणि पुढच्या मेळाव्याचा गुरुवार कोणता तें त्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवतो.