पिकअप कोणती घ्यावी : जुनी की नवी?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं की मेकॅनिकलच्या प्रत्येकाला एक घरगुती व्हायव्हा द्यावाच लागतो. कुणाचा मिक्सर बंद असतो, कुणाची मोटारसायकल धूर मारत असते. "इंजिनीअर आलाय ना, त्याला दाखवा!" या वर्षी माझ्या व्हायव्हातला प्रश्न मात्र लाखांचा होता. काकांची पिकअप बदलायची होती.

काकांचं काम भूम तालुक्यातलं. सकाळ-संध्याकाळ वाड्या-वस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि खव्याच्या भट्ट्यांवर पोचवायचे. बाजाराच्या दिवशी शेळ्यांचं भाडं, आणि आठवड्यातून एकदा बार्शीहून पेंड आणायची. त्यांच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक २०१८ ची, एकाच मालकाने वापरलेली, बीएस-४. दुसरी शोरूममधली कोरी करकरीत बीएस-६.

मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "नवी घ्या."

काका म्हणाले, "का?"

"टेक्नॉलॉजी चांगली आहे."

"मग ती टेक्नॉलॉजी मला मराठीत सांग की."

आणि मी अडकले! तीन वर्षं जे शब्द पेपरात लिहून मार्क मिळवले, ते सगळे इंग्रजीत. काकांना समजेल असं एक वाक्य येईना. त्या दिवशी मला कळलं की मलाच ते नीट समजलेलं नव्हतं. पुढचे सहा दिवस मी काकांबरोबर गाडीत फिरले, वहीत नोंदी केल्या आणि माझं उत्तर बदललं. कसं, ते सांगते.

तीन पिढ्या

आपल्याकडच्या पिकअपच्या ढोबळमानाने तीन पिढ्या आहेत.

पहिली पिढी 'पंपवाली'. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टाटाची मोबाईल २०६ आली, तिच्या पुढच्या रूपांना आपल्याकडे अजूनही लोक 'दोनशेसात' म्हणतात. या पिढीत डिझेल किती आणि कधी सोडायचं हे मेकॅनिकल पंप ठरवतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर जवळजवळ नाहीत. नोझल चोंदलं की गावातला मिस्त्री झाडाखाली काढून साफ करतो. काकांची आत्ताची २००९ ची गाडी याच पिढीतली. धूर मात्र भट्टीसारखा.

दुसरी पिढी कॉमन रेलची. पंप डिझेल हजार बारहून जास्त दाबाने एका जाड नळीत भरून ठेवतो आणि कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, प्रत्येक सिलिंडरला हवं तेवढं, हव्या त्या क्षणी सोडतो. फवारा बारीक, त्यामुळे जळण चांगलं. बीएस-४ च्या बहुतेक पिकअप या पिढीतल्या. २०१० साली देशातल्या १३ मोठ्या शहरांत बीएस-४ लागू झालं, त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं शेजारचं सोलापूरही होतं! आपल्यासकट सगळ्या देशात ते १ एप्रिल २०१७ ला आलं.

तिसरी पिढी बीएस-६, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची. (बीएस-५ आपण सरळ गाळलं.) गंमत म्हणजे बोलेरो पिकअपचं चार सिलिंडरचं २५२३ सीसी इंजिन बीएस-४ मध्ये होतं, तेवढ्याच सीसीचं बीएस-६ मध्येही आहे. मोठा बदल झाला तो इंजिनच्या पुढे, धुराच्या वाटेवर.

धुराची चाळणी

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ. काकांना मी सांगितलं, "ही धुराची चाळणी." मधमाशीच्या पोळ्यासारख्या तिच्या बारीक नळ्या असतात. शेजारच्या दोन नळ्यांची उलटसुलट तोंडं बंद केलेली, म्हणून धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. धूर जातो, काजळी अडकते.

काकांचा पुढचा प्रश्न बरोबर वर्मावर! "मग ती चाळणी भरत न्हाई का?"

भरते. म्हणून ती अधूनमधून जाळून साफ करावी लागते. ईसीयू थोडं जादा डिझेल सोडतो, चाळणीचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जळून जाते. पण यासाठी गाडी बऱ्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. मध्येच गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की आधी डॅशबोर्डवर लाईट लागते, मग इंजिन मुद्दाम ताकद कमी करतं, आणि शेवटी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. शिवाय न जळलेलं ते जादा डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतं. ऑईल पातळ होतं आणि बेअरिंग झिजतात.

"म्हणजे भट्टीचं धुराडंच की," काका म्हणाले. "आच जोरात लागली तर मोकळं राहतं, नुसतं धुमसत ठेवलं तर चोंदतं." माझ्या तीन वर्षांच्या नोट्स त्यांनी एका वाक्यात संपवल्या!

वहीतल्या नोंदी

आता काकांची फेरी बघा. घरातून निघायचं, दीड-दोन किलोमीटरवर पहिली वस्ती. कॅन चढवेपर्यंत इंजिन चालूच. मग पुढची वस्ती. रस्ता खडीचा, गिअर दुसरा-तिसरा. सहा दिवसांत गाडी सलग वीस मिनिटं चाळीसच्या वर पळाली ती फक्त एकदा, बार्शीच्या दिवशी. धुराच्या चाळणीसाठी याहून वाईट फेरी मुद्दाम आखूनही सापडणार नाही.

उलट, माझ्या रूममेटच्या घरची गाडी नळदुर्गकडून रोज भाजी भरून हायवेने सोलापूर मार्केटला जाते. एकदा हायवेला लागली की पाऊण-एक तास एका लयीत. तिथे चाळणी आपोआप साफ होत राहते. त्यांच्यासाठी मी आजही 'नवी घ्या' असंच सांगेन.

थोडक्यात काय, तर 'जुनी की नवी' हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न आहे : तुमची फेरी कशी आहे?

जरा हिशोब

भावनेत न जाता आकडे मांडू. समजा दोन गाड्यांच्या किमतीत ५ लाखांचा फरक आहे. १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी ५ लाखांचा हप्ता बसतो महिन्याला सुमारे १०,६०० रुपये. आता नव्या गाडीच्या बाजूने असं धरू की जुनीचं ॲव्हरेज ११ आणि नवीचं १३. डिझेल धरू ९० रुपये लिटर.

काकांची गाडी महिन्याला साधारण १,५०० किलोमीटर फिरते. नव्या गाडीत डिझेल वाचेल २१ लिटर, म्हणजे सुमारे १,९०० रुपये. हप्त्यातले उरलेले ८,७०० खिशातून! रोज सोलापूर करणारी गाडी ३,६०० किलोमीटर फिरली, तर वाचतील ५० लिटर, म्हणजे सुमारे ४,५०० रुपये. तूट ६,१०० ची. ही तूट भरून निघते गाडी बंद न पडण्यातून. मार्केटची गाडी एक दिवस उभी राहिली तर भरलेली भाजी त्या दिवसाच्या भावाला मुकते. म्हणून तिथे वॉरंटीला खरी किंमत आहे.

काकांनाही ते माहीत आहे. पावसाळ्यात एका रात्री त्यांची गाडी वस्तीच्या रस्त्यावर बंद पडली. ट्रॅक्टरने टोचन करून आणेपर्यंत कॅनमधलं दूध फाटलं. त्या दिवसापासून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद पडली तर जवळ कोण दुरुस्त करील?" कॉमन रेलचा स्कॅनर आता तालुक्याच्या गॅरेजमध्ये दिसतो. चाळणीचं काम मात्र बहुतेक वेळा मोठ्या सर्व्हिस सेंटरलाच होतं.

मग जुनीच चांगली का?

एवढं सरळ नाही. बाहेरून पांढरीशुभ्र दिसणारी बीएस-४ आतून कशी असेल ते तपासावं लागतं. आम्ही काय काय बघितलं ते लिहिते, कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

१) सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चालू करायला लावली. गरम केलेली गाडी दाखवली तर समजा की काहीतरी लपवायचं आहे. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. चालू केल्यावर पांढरा धूर थांबतच नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटची शंका घ्या.

२) इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडलं. तिथून जोरात वाफारा मारला तर रिंगा गेलेल्या असू शकतात.

३) खाली झोपून चासी आणि पाटे बघितले. जादा पाटा टाकलेला असेल तर गाडीने ओव्हरलोड वाहिलाय हे नक्की. चासीवर वेल्डिंग दिसलं तर सरळ परत फिरा.

४) स्कॅनर लावून जुने एरर कोड बघितले.

५) आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, इन्शुरन्स, पीयूसी आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते पाहिलं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस लागतं. वय वाढतं तशी फीही वाढते.

६) दिल्लीकडची 'स्वस्त' गाडी नको म्हटलं. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून बऱ्याच गाड्या बाहेर विकल्या जातात. पण एनओसी, टॅक्स आणि एमएच-२५ पासिंगचा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही.

आणि कोणत्याही पिढीची घ्या, वजनाची मर्यादा पाळा. एकूण ३ टन वजनाची गाडी घाटात १०० मीटर खाली उतरली की जवळपास ३० लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकला आणि इंजिनला मिळून जिरवावी लागते. वर एक टन जास्त भरला की ४० लाख. ब्रेक मात्र तेवढेच! तुळजापूरच्या घाटात जळक्या लायनरचा वास येतो तो याचाच. कॉमन रेलवाल्यांनी ड्रममध्ये साठवलेलं, पाणी धरलेलं डिझेलही टाळावं. इंजेक्टरमधली फट केसाहून कितीतरी बारीक असते.

एक गोष्ट मात्र टोचते

हिशोबात न बसणारी एक गोष्ट राहिली. या वजनाच्या पिकअपना बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.०६० ग्रॅम काजळीची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ०.००४५ ग्रॅम आहे, म्हणजे तेरा पटींनी कमी. नायट्रोजनच्या ऑक्साईडची मुभा ०.३९ वरून ०.१२५ वर आली. चाळणी नसलेली गाडी शाळेसमोर उभी राहून कॅन भरते तेव्हा ती काजळी कुणाच्या तरी छातीत जाते. आपण हप्ता वाचवतो, पण त्यातला थोडा वाटा दुसरा कुणीतरी भरतो.

हे मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाडी थांबली की इंजिन बंद करायचं, एवढं तर माझ्या हातात हाय."

शेवटी २०१८ ची बीएस-४ घेतली. २००९ च्या गाडीपेक्षा तिचा धूर कितीतरी कमी आहे आणि हप्ता पेलण्यासारखा आहे. आता प्रत्येक वस्तीवर काका चावी फिरवून इंजिन बंद करतात. डिझेलही वाचतं. आणि पुढेमागे बार्शीची फेरी रोजची झाली, तर हा व्हायव्हा पुन्हा द्यायची माझी तयारी आहे. या वेळी मराठीत!