सरळ चाल रे, यंत्रमानवा!

यंत्रमानव म्हटले की पोलादी छातीचा आणि तांबड्या डोळ्यांचा एक राक्षस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात आजची शाळकरी मुले हौसेने जो यंत्रमानव बनवतात, तो असतो जेमतेम वीतभर लांबीचा! एक प्लॅस्टिकची फळी, तिच्या दोन्ही अंगांना दोन पिवळ्या मोटरी, दोन चाके, पुढे एक भिरभिरते छोटे चाक आणि पाठीवर तारांचे जंजाळ. बाजारात या मोटरींना ‘बीओ मोटर’ म्हणतात.

‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक लेखकाने, १९२० सालच्या एका नाटकातून. ज्या चेक शब्दावरून तो बनला, त्याचा अर्थ आहे वेठ. पण हा वेठबिगार भलताच हट्टी असतो. ‘सरळ चाल’ म्हणावे, तर तो डावीकडे वळतो. ‘हळू चाल’ म्हणावे, तर जागच्या जागी गुंगुं करीत बसतो. आणि ‘थोडा जोर लाव’ म्हणावे, तर टुणकन उडी मारून भिंतीवर आदळतो!

वाचकहो, हा केवळ पोरखेळ समजू नका. अटल नवोपक्रम योजनेतून २०१६ पासून देशभरच्या शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब निघाल्या आणि हा उद्योग लहान गावांपर्यंत पोहोचला. पुण्या-मुंबईत एखादा भाग जळाला, तर संध्याकाळपर्यंत दुसरा आणता येतो. पण नंदुरबारसारख्या, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या धडगावच्या मुलाला तो बाहेरगावाहून मागवावा लागणार. चूक नेमकी कोठे हे न कळता तीन भाग बदलले, की पैसे गेले आणि पंधरवडाही गेला. विज्ञान-प्रदर्शनाची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. आणि याहून मोठे नुकसान म्हणजे, ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असे त्या पोराच्या मनाने घेणे. म्हणून रोग ओळखण्याची विद्या औषधाच्या आधी शिकली पाहिजे.

बैलजोडीचा न्याय

गाडीला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक तरतरीत आणि दुसरा मंद असला, की गाडी मंद बैलाच्या बाजूला ओढली जाते. यंत्रमानवाचेही तसेच. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या दोन मोटरी कधीच सख्ख्या जुळ्या नसतात. एकीची दाते असलेली चक्रे किंचित घट्ट, तर दुसरीचे चुंबक किंचित जोरकस.

हा किंचित फरक किती महागात पडतो पाहा. समजा, चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर आहे. त्याचा एक फेरा म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर वाट. उजवे चाक सेकंदाला ६३ सेंटिमीटर चालले आणि डावे ५८; फरक अवघा पाच सेंटिमीटरांचा. दोन चाकांत १३ सेंटिमीटर अंतर असेल, तर यंत्रमानव दर सेकंदाला सुमारे २२ अंश डावीकडे वळेल. म्हणजे चार सेकंदांत स्वारी जवळजवळ काटकोनात!

आधी चाल पाहा

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे जाणता गिऱ्हाईक घोड्याला चालवून पाहतो, पाय उचलून खूर पाहतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. तीच रीत येथे ठेवावी.

यंत्रमानव एका डबीवर असा टेकवा, की चाके अधांतरी राहतील. आता दोन्ही मोटरींना सारखाच हुकूम द्या. डावी मंद वाटली, तर लगेच ती बदलू नका. मोटर-ड्रायव्हर म्हणून जी छोटी पट्टी असते, तिच्यावरच्या दोन्ही मोटरींच्या तारांची अदलाबदल करा. त्यानंतरही डावीच मंद राहिली, तर दोष मोटरीत, तिच्या दात्यांत किंवा चाकात आहे. मंदपणा उजवीकडे गेला, तर मोटर बिचारी निर्दोष आहे. चोर ड्रायव्हरमध्ये, तारेत किंवा प्रोग्रॅममध्ये लपला आहे. पैचाही खर्च न होता संशयितांची निम्मी यादी खोडली गेली!

पोटात अन्न आहे काय?

दुसरी तपासणी विजेची. हौशी मंडळी चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लावतात. ‘नऊ’ हा आकडा मोठा दिसतो. पण ही बॅटरी जन्मली ती थोडा प्रवाह पुष्कळ दिवस देण्यासाठी. मोटर अडली, की एकटीच एक अँपिअरच्या आसपास प्रवाह मागते. तेवढा ओढला की बॅटरीचा दाब कोसळतो, आर्डुइनोची पट्टी बेशुद्ध पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. यंत्रमानव मग गचके खात चालतो. मल्टिमीटर लावायचा तो मोटर फिरत असताना. रिकाम्या गाडीवर बैलाची ताकद कळत नाही.

‘एल २९८ एन’ नावाचा जो स्वस्त ड्रायव्हर सर्रास वापरला जातो, तो स्वतःच सुमारे दोन व्होल्ट गिळतो. चार भरणक्षम सेल म्हणजे ४.८ व्होल्ट, त्यांतून दोन गेले, तर मोटरीच्या वाट्याला पावणेतीनच उरले. ती मरगळणार नाही तर काय करील? दोन लिथियम सेल जोडून ७.४ व्होल्ट दिले, की हिशेब जुळतो. मात्र हे सेल उलटसुलट जोडले गेले किंवा त्यांची टोके एकमेकांना भिडली, तर आगीचा धोका असतो. तेथे मोठ्या माणसाने जवळ असावे.

मोटरींची बॅटरी वेगळी ठेवली असेल, तर तिचे ऋण टोक आणि आर्डुइनोचे ‘ग्राउंड’ जोडलेले आहे ना, हेही पाहा. हा धागा तुटला, की हुकूम सुटतो, पण पोहोचत नाही.

हुकूम पोहोचतो कसा?

वेग कमी करण्यासाठी आर्डुइनो नळाची तोटी फिरवल्यासारखी वीज बारीक करीत नाही. तो वीज चालू-बंद, चालू-बंद करतो; त्याच्या बहुतेक वेग-पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळा. चालू वेळ जास्त तर वेग जास्त. शून्य म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण, १२८ म्हणजे अर्धा वेळ.

पण अर्धा वेळ म्हणजे अर्धा वेग नव्हे. आकडा फार लहान असला, तर दात्यांचे घर्षण मोडण्याइतका जोरच मोटरीला येत नाही. ती नुसती गुणगुणते. कोणत्या आकड्याला चाक हलू लागते ते दोन्ही मोटरींसाठी वेगवेगळे टिपून ठेवावे. त्याखालचे आकडे फुकट आहेत.

दोन चोर येथे हमखास सापडतात. ड्रायव्हरच्या ‘एनेबल’ खुंट्यांवर कारखान्यातूनच एकेक छोटी टोपी बसवून येते. ती काढून तेथे आर्डुइनोची तार लावली नाही, तर मोटर सदैव पूर्ण वेगानेच धावते. दुसरा चोर अधिक कावेबाज आहे. काल नीट चालणाऱ्या यंत्रमानवाला आज मान वळवणारी सर्वो मोटर बसवली आणि एका चाकाचा वेग ऐकेनासा झाला! कारण असे की, आर्डुइनो उनोवर सर्वोचा प्रोग्रॅम जे घड्याळ ताब्यात घेतो, त्याच घड्याळावर ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांचे वेगनियंत्रण चालते. चाकाची तार ५ किंवा ६ क्रमांकावर न्यावी आणि प्रोग्रॅममध्ये तो आकडा बदलावा, की संपले.

गिरणीच्या इंजिनाचा धडा

एवढे करूनही यंत्रमानव थोडा तिरका जाईलच. कारण तो आंधळा आहे. आपण किती चाललो हे त्याला कळत नाही. येथे आपल्या खेड्यातली पिठाची गिरणी आठवा. दाणे पडले, की ऑइल इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो आणि पुन्हा सावरतो. तेथे ‘गव्हर्नर’ नावाचा राखणदार असतो. वेग उतरला, की तो तेल वाढवतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर हीच युक्ती बसवली आणि १८६८ मध्ये मॅक्सवेलने तिचे गणित मांडले.

यंत्रमानवाचा राखणदार म्हणजे चाकाच्या आसावरची, २० खाचांची चकती आणि खाचा मोजणारा प्रकाशाचा डोळा. वरच्या हिशेबातल्या चाकाला एक खाच म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. डावे चाक पाच खाचा मागे पडले, तर प्रोग्रॅमने त्याचा आकडा वाढवायचा.

किती वाढवायचा, यात खरी गोम आहे. फार वाढवला, तर नव्याने सायकल शिकणाऱ्यासारखा यंत्रमानव नागमोडी झोकांड्या खातो. फार थोडा वाढवला, तर तूट कायम राहते. म्हणून मागची तूट साठवून तिचीही भरपाई करतात. पण चाक कोणी हाताने धरून ठेवले, तर ही थकबाकी सावकारी व्याजासारखी फुगते आणि हात सोडताच यंत्रमानव उसळतो. तेव्हा थकबाकीलाही मर्यादा घालावी.

गोविंदा आला रे!

ही विद्या पुढे किती दूर नेते, याचे उदाहरण आपल्याच घरी आहे. आशिया-पॅसिफिक देशांतल्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ मध्ये तोक्योत सुरू झाली. २००८ मध्ये ती पुण्यात भरली, तेव्हा खेळाचा विषय होता आपली दहीहंडी! देशोदेशींचे यंत्रमानव हंडीतले लोणी काढायला धावले. २०१४ मध्ये ही स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. त्या मैदानावरच्या मोठ्या यंत्रमानवांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो: सांगितल्या वेगाने, सांगितल्या जागी चाक पोहोचले की नाही?

शहाद्याच्या किंवा नवापूरच्या एखाद्या वर्गात यंत्रमानव डावीकडे वळू लागला, तर मुलांनी हिरमुसू नये आणि गुरुजींनी तो कपाटात ठेवू नये. तारांची अदलाबदल, चालत्या मोटरीवर दाबाची मोजणी, मग पिना, मग प्रोग्रॅम, अशी एकेक पायरी उतरावी आणि प्रत्येक पायरीला काय दिसले ते वहीत लिहावे. तसे केले, तर बाहेरगावाहून मागवायचा भाग एकच असेल आणि तो हमखास खराब झालेलाच असेल.