गोष्टीतील पात्रे, स्थळ आणि घटना : प्राथमिक वर्गातील वाचन (लेखांक ५)

पहिली-दुसरीतील मुलाला ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगायला लावली, की ते एकेक घटना ‘आणि मग’ने जोडत जाते. खूप पाऊस आला, आणि मग कावळ्याचे घर वाहून गेले, आणि मग तो चिमणीकडे गेला, आणि मग चिमणीने दार उघडलेच नाही. क्रम बरोबर असतो, काही सुटलेलेही नसते. मात्र कावळ्याचेच घर का गेले आणि चिमणीचे का टिकले, हे त्या सांगण्यात येईलच असे नाही. घर शेणाचे होते म्हणून ते पावसात विरघळले, घर गेले म्हणून कावळा भिजत दुसऱ्याच्या दाराशी उभा राहिला, ही साखळी मुलाने स्वतः जुळवली की गोष्टीच्या विश्लेषणाला आरंभ झाला असे समजावे. त्यासाठी ‘विश्लेषण’ हा शब्द मुलाला ठाऊक असण्याची काहीच गरज नाही.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत हाच फरक मांडला. राजा मरण पावला आणि त्यानंतर राणीही गेली, एवढे सांगितले तर ती घटनांची नुसती मालिका होते. राजाच्या वियोगाने राणी गेली असे म्हटले, की घटनांमध्ये कार्यकारणभाव येतो आणि कथानक उभे राहते. प्राथमिक शाळेत पात्रे, स्थळ आणि घटना ही गोष्टीची तीन अंगे वेगवेगळी शिकवली जातात ती केवळ सोयीसाठी. प्रत्यक्ष गोष्टीत ती एकमेकांत पुरती गुंतलेली असतात आणि ती कशी गुंतली आहेत हे मुलांना दिसू देणे हेच शिक्षकाचे खरे काम आहे. फळ्यावर तीन रकाने आखून पात्रांची नावे, गावाचे नाव आणि चार घटना भरून घेतल्या तर वह्या तपासायला सोपे जाते, पण गोष्ट मुलांच्या हाती लागत नाही.

पंचतंत्राच्या चौथ्या तंत्राची, ‘लब्धप्रणाश’ची, चौकटकथा असलेली माकड आणि मगराची गोष्ट या कामासाठी फार उपयोगी आहे. पाण्याकाठच्या जांभळाच्या झाडावर माकड राहते. ते मगराला जांभळे देते, दोघांची मैत्री जमते. मगराच्या बायकोला मात्र रोज इतकी गोड फळे खाणाऱ्या माकडाचे काळीज हवे असते. मगर माकडाला पाठीवर घेऊन निघतो, वाटेत खरे काय ते सांगून टाकतो, आणि माकड आपले काळीज झाडावरच राहिल्याचे सांगून परत काठावर येते. गोष्ट बहुतेक मुलांना आधीपासून माहीत असते, आणि हाच तिचा मोठा फायदा. पुढे काय होणार ही उत्सुकता शमलेली असल्यामुळे ‘असे का झाले’ या प्रश्नाकडे लक्ष वळवता येते.

या गोष्टीत स्थळ बदलले की बळाचे पारडे बदलते. झाडावर माकड निर्धास्त असते आणि मगराला काठावरच थांबावे लागते. भर पाण्यात माकड पूर्णपणे मगराच्या हाती असते, त्याला पोहून पळता येत नाही. पुन्हा फांदी हाती येताच ते सुटते. वर्गात खडूने जमिनीवर काठ, झाड आणि पाणी आखून घ्यावे आणि प्रत्येक प्रसंगी माकड कुठे आहे ते मुलांना तेथे उभे राहून दाखवायला सांगावे. ‘या जागी कोण घाबरले आहे?’ एवढा एकच प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारला, तरी स्थळ आणि घटना यांचा संबंध दुसरीतील मुलांच्या लक्षात येतो.

गोष्टीचे मर्म असलेला प्रश्न मात्र वेगळाच आहे. मगराने भर पाण्यात माकडाला खरे का सांगितले? गप्प राहिला असता तर बायकोची इच्छा पुरी झाली असती. मूळ पंचतंत्रात याचे कारण दिलेले आहे: इतक्या खोल पाण्यात माकड आता सुटू शकत नाही अशी त्याची खात्री असते, तेव्हा मरण्यापूर्वी माकडाने आपल्या देवाचे स्मरण करावे म्हणून तो बोलतो. संक्षिप्त रूपांतरांत हे कारण अनेकदा गळते आणि मुलांसमोर एक मोकळी जागा उरते. कोणी म्हणेल, त्याला मित्राला फसवल्याचे वाईट वाटले. कोणी म्हणेल, त्याला वाटले आता हे कुठे जाते! कोणी त्याला सरळ मूर्ख ठरवेल. ही तिन्ही उत्तरे ऐकून घेण्याजोगी आहेत. प्रत्येकाला पुढचा प्रश्न एकच, ‘हे गोष्टीत कुठे दिसते?’ मगर वाटेत काय बोलला, माकडाने परत फिरायला सांगताच तो लगेच का वळला, याकडे मुले पुन्हा पाहतात आणि आपले मत पक्के करतात किंवा बदलतात. मत बदलणारे मूल चुकलेले नसते, ते वाचत असते.

एवढ्या लहान मुलांना दुसऱ्याच्या मनातले ओळखणे झेपेल का, ही शंका रास्त आहे. ऑस्ट्रियातील मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो ते कुठे शोधेल, असा प्रश्न मुलांना विचारला गेला. तीन वर्षांची मुले बहुधा चॉकलेट जेथे खरोखर आहे ते कपाट दाखवतात. मॅक्सीला हा बदल माहीत नाही हे साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान उमगू लागते. म्हणजे पहिलीत येणाऱ्या बहुतेक मुलांपाशी ही समज असते. काळीज झाडावर ठेवता येत नाही हे माकडाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे, मगराला मात्र ते खरे वाटते. या तीन ठिकाणच्या तीन समजुती मुलांना बरोबर कळतात, म्हणून तर ती या जागी खुदकन हसतात. शिक्षकाने फक्त या हसण्याचे कारण विचारायचे असते.

पात्रांच्या बाबतीत शाळेतील नेहमीची अडचण विशेषणांची आहे. हुशार, प्रामाणिक, धाडसी, दुष्ट अशी दहा-बारा विशेषणे मुलांच्या तोंडी बसलेली असतात आणि कोणत्याही पात्राला त्यांतले एखादे चिकटवून प्रश्न मिटवला जातो. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा चौथी-पाचवीसाठी घेतली तर हामिदला ‘समजूतदार’ म्हणून मुले मोकळी होतील. पण कथेतला हामिद तसा सुरुवातीपासून शहाण्या म्हाताऱ्यासारखा वागत नाही. खिशात फक्त तीन पैसे असलेला हा चार-पाच वर्षांचा पोर मित्रांच्या खेळण्यांकडे आशाळभूतपणे पाहतो, हात लावायला मिळावा म्हणून धडपडतो, मिठाईकडे पाहून त्याच्याही तोंडाला पाणी सुटते. दुसऱ्या बाजूला तो खेळण्यांना मातीची म्हणून नावे ठेवतो. लोखंडी वस्तूंच्या दुकानात चिमटा दिसल्यावर त्याला आजीची, अमीनाची, तव्यावरून पोळ्या काढताना भाजणारी बोटे आठवतात. चिमटा घेतल्यावर मित्र हसतात, तेव्हा तो आपला चिमटा सगळ्या खेळण्यांहून थोर कसा हे मोठ्या फुशारकीने पटवून देतो. मोह, हेवा, आठवण, निर्णय आणि बढाई हे सारे एकाच मुलात आहे. हामिदला खेळण्यांचा मोह झालाच नसता तर चिमट्याला काय किंमत उरली असती? हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलांना पेलतो आणि त्यावर ती भांडभांड भांडतात.

त्यासाठी मुलांपाशी भावनांचे शब्द हवेत. ‘वाईट वाटले’ आणि ‘राग आला’ या दोहोंवर सगळा कारभार चालतो, तेव्हा पात्रेही एकसारखी दिसू लागतात. हिरमुसणे, ओशाळणे, धास्तावणे, कासावीस होणे, खजील होणे, कळवळणे असे नेमके शब्द मराठीत भरपूर आहेत. त्यांची यादी पाठ करून घेणे निष्फळ आहे. गोष्टीत तो प्रसंग आला की तेथेच शब्द द्यावा: चिमटा पाहून आधी चिडलेली अमीना कारण कळल्यावर गहिवरते. प्रसंगासोबत आलेला शब्द राहतो.

स्थळ हे अंग सर्वांत दुर्लक्षित. ‘ही गोष्ट कुठे घडली?’ याचे उत्तर एका शब्दात देता येते, म्हणून तो प्रश्न पटकन उरकला जातो. हिरकणीची आख्यायिका याला उत्तम उतारा आहे. गडाखालच्या वस्तीतली ही गवळण दूध विकायला रायगडावर जाते. कोजागरीचा दिवस, तिला उशीर होतो, सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद होतात आणि घरी तान्हे बाळ असते. पहारेकरी नियमाला बांधलेले. शेवटी ती रात्री कडा उतरून घरी जाते, आणि शिवाजी महाराज त्या जागी बुरूज बांधवून त्याला तिचे नाव देतात. येथे ‘रायगड’ हे उत्तर पुरेसे नाही. गड उंच आहे, कडा तुटलेला आहे, दरवाजे ठरल्या वेळी बंद होतात, रात्र पौर्णिमेची आहे आणि बाळ खाली आहे; यांतली एकही गोष्ट काढली तरी कथा कोसळते. दरवाजा उघडा असता तर? अमावास्या असती तर? बाळ तिच्या कडेवर असते तर? असे एकेक बदल करून पाहिले, की स्थळात जागेबरोबर वेळ, ऋतू आणि तेथले नियमही येतात हे मुलांना व्याख्येविना कळते. मुंबईच्या चाळीत किंवा सपाट मुलखात वाढलेल्या मुलांनी कडा पाहिलेलाच नसतो. त्यांना चित्र दाखवावे, शाळेच्या इमारतीची उंची डोळ्यांसमोर आणून द्यावी. त्याशिवाय हिरकणीचे धाडस त्यांच्यासाठी नुसता शब्द राहील.

मराठी शाळांतील प्रश्नपत्रिकांचा एक जुना प्रकार या कामात चांगला वापरता येतो. ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जात आहे आणि केवळ आठवण तपासतो म्हणून त्याला नावेही ठेवली जातात. तो टाकून देण्याचे कारण नाही. त्याला ‘का म्हणाले?’ आणि ‘ऐकणाऱ्याला काय वाटले असेल?’ अशी दोन शेपटे जोडली, की तोच प्रश्न पात्रांच्या हेतूपर्यंत पोहोचतो. ‘घटनांचा योग्य क्रम लावा’ या प्रश्नालाही असाच विस्तार देता येतो: क्रम लावून झाल्यावर कोणती घटना काढली तर पुढचे काहीच घडले नसते, ते विचारावे.

वर्गातील क्रमाबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पहिल्यांदा गोष्ट मध्ये न थांबता पूर्ण सांगावी किंवा वाचावी. दर दोन वाक्यांनी प्रश्न विचारणारा शिक्षक मुलांकडून ऐकण्याचा आनंद काढून घेतो. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाचा शांतता राखण्याचा पहिला बेत फसतो आणि वर्ग हाती येतो तो गोष्ट सांगायला लागल्यावर, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्या वाचनात दोन किंवा तीनच थांबे घ्यावेत, आणि तेही पात्राला काही ठरवावे लागते अशा जागी. सुरुवातीचे प्रश्न मोकळे असावेत. ब्रिटिश लेखक-शिक्षक एडन चेंबर्स यांनी १९९३ मधील ‘टेल मी’ या पुस्तकात चार साध्या विचारणा सुचवल्या आहेत: काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकणारे वाटले आणि कशाशी नाते किंवा साम्य जाणवले. त्यांतली तिसरी सर्वांत फलदायी, कारण मुलांना पडलेले कोडे बहुधा गोष्टीच्या मर्मावरच बोट ठेवते.

पहिली-दुसरीत हे सारे तोंडी, चित्रांतून आणि नाट्यीकरणातून व्हावे. एका मुलाला मगर करून खुर्चीवर बसवावे आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारावेत. तो जी उत्तरे देतो ते पात्राचे विश्लेषणच असते. लेखनाची घाई करू नये. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिली किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीत ‘मगर चांगला होता’ एवढेच म्हणून थांबते, पण आपल्या बोलीत त्याच मगराच्या द्विधा मनाविषयी भरभरून सांगू शकते. ते सांगणे ग्राह्य धरावेच लागेल, नाहीतर भाषेच्या अडचणीला समजेची अडचण मानण्याची चूक होते. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता यावी हे आहे, आणि त्यात समजून वाचणे गृहीत आहे. ओघवते वाचन ऐकून समाधान मानणाऱ्या वर्गात हा अर्धा भाग राहून जातो.

‘या गोष्टीवरून काय बोध घ्याल?’ हा प्रश्न शेवटी यावा, आणि प्रत्येक गोष्टीला तो यायलाच हवा असेही नाही. तो आधी आला की मुले पात्रांकडे पाहणेच सोडतात आणि शिक्षकाला अपेक्षित असलेले वाक्य शोधू लागतात. दार न उघडणारी चिमणी स्वार्थी की सावध, यावर वर्गात दोन तट पडू शकतात. लोककथा असल्यामुळे घरोघरी ऐकलेला शेवटही वेगळा असतो. मुलांनी आपापल्या आजीकडून ऐकलेले शेवट सांगावेत आणि कोणत्या शेवटात चिमणी कशी दिसते याची तुलना करावी. ठरीव तात्पर्याने ही सगळी चर्चा एका वाक्यात बंद होते.

मूल्यमापनाची कसोटीही यातूनच ठरते. ‘मगर दुष्ट होता, कारण मगर दुष्टच असतात’ हे उत्तर गोष्टीबाहेरून आलेले आहे. ‘मगर दुष्ट होता, कारण ज्याने जांभळे दिली त्यालाच तो मारायला निघाला’ हे गोष्टीतून आलेले आहे. ‘मगर दुष्ट नव्हता, बायको उपाशी बसली म्हणून त्याने ऐकले’ हेही गोष्टीतूनच आले आहे. शेवटची दोन उत्तरे परस्परविरोधी असली तरी दोहोंना पूर्ण गुण मिळावेत. पहिले उत्तर देणाऱ्या मुलाला चूक अशी खूण न करता पुस्तक पुन्हा उघडून तो प्रसंग वाचायला द्यावा.