रंगीत नर, लहान टँक आणि रोजची भांडणे

लखनौच्या चौकात गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत चिकनकारीची दुकाने बघत फिरले, की नवाबी काळाच्या कितीतरी खुणा भेटतात. शहरातल्या जुन्या कमानींवर कोरलेली माशांची जोडी ही त्यातलीच एक. अवधचे हे राजचिन्ह आजही उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेत आहे. याच शहरात एकेकाळी कोंबड्यांच्या आणि लाव्यांच्या झुंजींचा मोठा शौक होता. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनऊ’मध्ये त्याची हकीकत लिहिली आहे.

त्या झुंजी मुद्दाम लावल्या जात. दिवाणखान्यातल्या फिशटँकमध्ये मात्र त्या नकळत लागतात. दुकानात निळे, पिवळे, केशरी सिक्लिड मासे पाहून मुले हट्ट धरतात. नर अधिक रंगीत, म्हणून चार-पाच नरच घरी येतात. दोन-तीन दिवसांत एकाची शेपटी फाटलेली दिसते, आठवड्याभरात एखादा मरून पडतो. घरच्यांना वाटते, पाणी खराब असेल. खरे कारण बहुधा वेगळेच असते.

भांडण कशासाठी?

बहुतेक सिक्लिड नर आपली हद्द आखून राहतात. एखादा दगड, एखादा खळगा हे त्याचे घर. तिथे दुसरा नर आला, की तो कल्ले फुगवून धाक दाखवतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर चावतो. आफ्रिकेच्या मलावी सरोवरात हरलेला मासा दूर निघून जातो. दोन फुटी टँकमध्ये जाणार कुठे? त्याला दिवसभर मार खावा लागतो.

नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३च्या आपल्या ग्रंथात सिक्लिडच्या या स्वभावाबद्दल लिहिले आहे. राग काढायला शेजारी नर उरला नाही, की नर आपल्याच मादीवर तुटून पडतो, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७मध्ये दाखवून दिले, की आफ्रिकन सिक्लिड नर इतरांची भांडणे नुसती पाहूनही कोण बलवान, कोण दुबळा हे ओळखतो. म्हणजे एकदा हरलेल्या माशाची दुर्बलता बाकीच्यांच्याही लक्षात येते.

काय करावे?

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टँकमध्ये जेमतेम पन्नास लिटर पाणी मावते. त्यात आफ्रिकन सिक्लिडचे अनेक नर ठेवूच नयेत. हौसच असेल, तर ‘क्रिबेन्सिस’सारख्या लहान जातीची एक जोडी पुरे. फ्लॉवरहॉर्न व ऑस्कर वाढून मोठे होतात; त्यांना तर लहान टँक मुळीच पुरत नाही. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवलेला बरा.

फक्त नरांचाच टँक हवा असेल, तर किमान चार फुटी, दोनशे लिटरहून मोठा घ्यावा. मादी एकही नको, कारण तिच्यामुळे चुरस वाढते. नर शक्यतो वेगवेगळ्या रंगांचे व सारख्या आकाराचे निवडावेत; सारख्या रंगाचे नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. सगळे मासे एकाच वेळी सोडावेत. नंतर नवा मासा आणलाच, तर दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. दोन-तीन मासे ठेवण्यापेक्षा दहा-बारा ठेवले, तर मार एकावरच पडत नाही. पण मग फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायला हवे.

लखनौसारख्या ठिकाणी थंडीत हीटर लागतोच. पाणी २५ ते २७ अंश सेल्सियस असावे. वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवावा. गर्दीच्या टँकमध्ये प्राणवायू लवकर कमी होतो.

धोक्याची खूण

एखादा मासा पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात दबून राहू लागला, रंग फिका पडला, खाणे सुटले, पंख फाटले, तर वाट पाहू नये. त्याला त्याच दिवशी वेगळ्या टँकमध्ये हलवावे. दुसरा टँक नसेल, तर मध्ये भोके असलेला पडदा घालावा.

नको झालेला मासा गोमतीत किंवा तळ्यात सोडणे हा उपाय नव्हे. १९५२मध्ये भारतात आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच. आज तो देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला असून स्थानिक माशांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी झाला आहे. परदेशी माशांच्या या प्रश्नाचा अभ्यास लखनौमधल्याच राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत चालतो. तेव्हा मासा दुकानदाराला परत करावा किंवा मोठा टँक असलेल्या परिचिताला द्यावा.

खरेदीला निघण्यापूर्वी घरातल्या टँकची लांबी-रुंदी मोजून घ्यावी आणि मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, हे दुकानदाराला विचारावे. मग मुलांनी कितीही हट्ट केला, तरी किती मासे आणायचे हे तिथेच ठरवता येते.