हलर: भात गिरणीतले जुने यंत्र आणि त्याचे जतन

जुन्या भात गिरणीत मुख्य यंत्र एकच, ते म्हणजे हलर. ब्राझीलमध्ये 1885 च्या सुमारास एव्हारिस्तो एंगेलबर्ग यांनी तो घडवला, तोही आधी कॉफीचे टरफल काढण्यासाठी. भारतात तो पोहोचला आणि उखळ-मुसळ आणि भात भरडायचे घिरट हळूहळू अडगळीत गेले.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा गिरण्या शोधायच्या तर इचलकरंजीच्या आसपास नाहीत; तिथे ऊस आणि यंत्रमाग. भाताचा मुलूख नैऋत्येला, आजरा-चंदगडकडे. आजरा महाल पूर्वी इचलकरंजी जहागिरीतच होता. तिथल्या आखूड, सुवासिक घनसाळ तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हलरच्या ओतीव लोखंडी कवचात पन्हळीदार रूळ फिरतो. खाली भोकांची जाळी, बाजूला मागेपुढे सरकणारे पाते. भात रूळ आणि पात्यामध्ये रगडले जाते, तूस निघते आणि त्याच दमात तांदूळ सडलाही जातो. सगळे कसब पात्याच्या फटीत. ती आवळली तर कणी वाढते, सैल सोडली तर भात तसेच बाहेर पडते. गिरणीवाला तळहातावर मूठभर तांदूळ घेतो, फुंकर मारतो आणि बोल्ट किंचित फिरवतो. हे कसब नुसती पुस्तिका वाचून येत नाही.

यंत्राचा दोषही याच साधेपणात आहे. दाणे फार मोडतात. जाळीखाली तूस, कोंडा आणि कणी एकत्र पडत असल्याने कोंड्यातून तेल काढणे परवडत नाही. म्हणून 1958 च्या भात गिरणी नियमन कायद्यानंतर सरकारने सुधारित गिरण्यांवर भर दिला. त्यांत वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन रबरी रूळ नुसते तूस सोलतात; सडण्याचे काम दुसरे यंत्र करते. कायदा 1997 मध्ये रद्द झाला, पण हलरचा काळ हळूहळू सरत गेला.

आता बंद गिरणीतला हलर भंगारात किलोवर जातो, इचलकरंजीतल्या जुन्या साध्या मागांसारखाच. जपायचा तर नुसता रंग फासून कोपऱ्यात ठेवणे पुरेसे नाही; रंगाखाली ओतकामावरची अक्षरे बुजतात. गंज काढून तेलाचा हात द्यावा. इंजिन, दांडा आणि चपटा पट्टा यांच्यासह तो ठेवावा, कारण एकट्या हलरवरून गिरणी कशी चाले ते कळत नाही. तुसात सिलिका भरपूर असते, ती लोखंड झिजवते. त्यामुळे प्रात्यक्षिकासाठी कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत नवा रूळ ओतून घ्यावा आणि मूळ रूळ वेगळा ठेवावा. पट्ट्याभोवती जाळीचे कुंपण मात्र हवेच.