चारच माणसं असली तरी डाव जमतो! गावात पिकलबॉल सुरू करायचा तर काय लागतं?

मंडणगड : शिमगा, गणपती आणि मे महिना सोडला तर आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच वाड्यांत क्रिकेटला अकरा पोरं जमत नाहीत. तरणी मंडळी मुंबई-पुण्याला. गावात उरतात शाळेतली मुलं, घरातल्या बायका आणि रिटायर होऊन परत आलेले काका, आबा. यांनी मिळून खेळायचं काय? मैदानावरचा खेळ म्हटला की निम्मे जण गडग्यावर बसून बघणार, हे ठरलेलंच.

हल्ली मोबाईलवर पिकलबॉलचे व्हिडिओ सारखे दिसतात. मुंबईत लोक तासाचं भाडं भरून खेळतात, म्हणून हा पैसेवाल्यांचा खेळ अशी आपली समजूत. पण याचा जन्मच मुळात घरात मिळेल त्या सामानातून झालाय. 1965 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुट्टीत मुलं कंटाळली होती. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोघांना बॅडमिंटनचं पुरेसं सामान सापडेना, तेव्हा त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि नेट खाली केलं. पुढे बार्नी मॅकॅलम या शेजाऱ्याने प्लायवूड कापून मोठ्या बॅटी बनवल्या. (नावाचा आणि लोणच्याचा तसा काही संबंध नाही.) भारतात हा खेळ आणला मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. त्यांनी तो 1999 मध्ये कॅनडात पाहिला होता, आणि 2008 मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी राहिली.

आता मुद्द्याचं. सगळ्यात आधी जागा बघा. चेंडू हलका, जेमतेम 25 ग्रॅमचा. मातीवर किंवा सारवलेल्या खळ्यात तो नीट उसळत नाही, त्यामुळे सिमेंटची सपाट जागा हवी. शाळेचं पटांगण, समाजमंदिराचा हॉल किंवा भात झोडायचं पक्कं खळं असलं तरी चालेल. कोर्ट 20 फूट रुंद, 44 फूट लांब, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच. कडेने मोकळी जागा धरून 30 बाय 60 फूट असेल तर उत्तम. कोपरे काटकोनात आले का ते बघायला दोन्ही कर्ण मोजा. दोन्हीकडे 48 फूट 4 इंच भरले म्हणजे आखणी बरोबर. मधोमध नेट. नेटपासून दोन्ही बाजूंना 7 फुटांवर एकेक आडवी रेघ मारायची, आणि त्या रेघेपासून मागच्या रेघेपर्यंत मधोमध एक उभी रेघ, म्हणजे सर्व्हिससाठी दोन चौक तयार होतात. सुरुवातीला चुन्याने आखलं तरी पुरे. जागा शाळेची किंवा पंचायतीची असेल तर आधी विचारून घ्या, रंगाने पट्टे मारणार असाल तर नक्कीच.

नेट कडेला 36 इंच आणि मध्ये 34 इंच. विकतचं नेट नसलं तरी अडत नाही. बाणकोट, वेसवी, वेळासकडे जुनं जाळं मिळायला अडचण नाही. दोन बांबूंना ताणून बांधा, वरून दोरी घट्ट ओढा. फक्त जाळ्याची भोकं बारीक हवीत, कारण चेंडू तीन इंचांपेक्षा किंचित लहान असतो.

बॅटीला पॅडल म्हणतात. लांबी आणि रुंदी मिळून 24 इंचांच्या आत हवी. म्हणजे 8 इंच रुंद, साडेपंधरा इंच लांब असा आकार कागदावर काढून सुताराकडे द्या. प्लाय जाड घेतला तर मनगट दुखतं. त्यापेक्षा सहा मिलिमीटरचा घ्या आणि मुठीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या चिकटवून जाडी आणा. चेंडू मात्र विकतच घ्यायचे. उघड्यावर खेळायला 40 भोकांचे, तेही चार-पाच एकदम, कारण एखादा कौलांवर जाणारच. महागडं पॅडल खेळ जमेपर्यंत घेऊ नका.

नियम तीन कळले की डाव सुरू. पहिला, सर्व्हिस. आपल्याकडच्या अंडरआर्म क्रिकेटवाल्यांना ही लगेच जमेल. हात खालून वर, चेंडू कमरेखाली मारायचा, तोही तिरप्या चौकात. एकदाच संधी. नवख्यांनी चेंडू हातातून नुसता सोडावा आणि टप्पा पडल्यावर मारावा. हेही नियमात बसतं.

दुसरा नियम दोन टप्प्यांचा. सर्व्हिस समोरच्याने टप्पा पडू देऊनच मारायची, आणि त्याने परत मारलेला चेंडू सर्व्हिसवाल्यांनीही टप्पा पडू देऊनच. त्यानंतर हवेतला मारायला मोकळीक. यामुळे जोरदार सर्व्हिस करून फटाफट पॉइंट काढणाऱ्या दांडगटाचं फारसं चालत नाही.

तिसरा नियम सगळ्यांना गोंधळात टाकतो. नेटजवळच्या त्या 7 फुटांच्या पट्ट्याला किचन म्हणतात. किचनमध्ये उभं राहायला बंदी नाही; तिथे उभं राहून हवेतला चेंडू मारायला बंदी आहे. टप्पा पडला असेल तर खुशाल आत जाऊन मारा. पण बाहेरून हवेतला मारला आणि झोकात पाय आत गेला, रेघेवर पडला, तरी फाऊल. उंच, ताकदवान माणूस नेटवर चढून धोपटू शकत नाही तो यामुळेच. साठीतले आबा आणि आठवीतली नात एका कोर्टावर खेळू शकतात, त्यामागचं निम्मं कारण हा पट्टा आहे.

पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला मिळतो. डाव 11 चा, पण दोनचा फरक हवा. 11-10 ला थांबता येत नाही. डबल्समध्ये एका जोडीतले दोघंही आळीपाळीने सर्व्हिस करतात, मग ती समोर जाते. डावाच्या अगदी सुरुवातीला मात्र पहिल्या जोडीतला एकच जण करतो. म्हणून मोजणी 'शून्य-शून्य-दोन' अशी सुरू होते.

पहिले आठ दिवस पॉइंट मोजूच नका. समोरासमोर किचनच्या रेघेवर उभे राहा आणि चेंडू हळू, नेटवरून जेमतेम जाईल असा एकमेकांच्या किचनमध्ये टाका. वीस वेळा न चुकता जमलं की मागे सरका. पोरं हमखास जोरात मारतात आणि चेंडू बाहेर घालवतात. या खेळात हळू मारणारा जास्त जिंकतो, हे म्हाताऱ्यांना लवकर कळतं.

पडण्याचा धोका मात्र खरा आहे. डोक्यावरून जाणारा चेंडू पकडायला मान वर करून उलटं धावू नका. वळा, मग जा, नाहीतर सोडून द्या. पॉइंट गेला तर गेला, मनगट मोडलं तर लावणी जाईल. चपला नकोत, बूट हवेत. गुडघा, बीपी, हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि पावसाळ्यात बाहेरचं कोर्ट बंदच ठेवा. आपल्याकडे जूननंतर सिमेंटवर शेवाळ धरतं, त्यावर तरणाही घसरतो. दिवाळीनंतर शेवाळ घासून काढायचं आणि पुन्हा रेघा मारायच्या. खाडीकाठच्या गावांनी दुपारनंतर वाऱ्यात खेळण्यापेक्षा सकाळी सात-आठची वेळ धरावी, तेव्हा चेंडू सरळ जातो.