बिघाड शोधण्याचे मोल
इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीत बिघाड शोधणे आणि तो दूर करणे ही दोन स्वतंत्र कामे असतात. परंतु ग्राहकाला फक्त दुसरे काम दिसत असल्यामुळे पहिल्याचे पैसे, म्हणजे दुकानदार ज्याला ‘चेकिंग चार्ज’ म्हणतात ते तपासणी शुल्क, त्याला अनेकदा अन्यायाचे वाटते. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर शेकडो बारीक घटक बसवलेले असतात, आणि त्यांतील एखादा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, आतून शॉर्ट झाला की वरकरणी काहीही न दिसता संपूर्ण यंत्र बंद पडू शकते. अशा वेळी कारागीर यंत्र उघडतो, मल्टिमीटरने जागोजागी व्होल्टेज आणि रोध मोजतो, बेताचा वीजपुरवठा देऊन कोणता भाग तापतो ते पाहतो. आणि एवढ्या शोधानंतर बदलावा लागतो तो कदाचित काही रुपयांचा, तांदळाच्या दाण्याहून लहान घटक. पार्टच्या किमतीवरून मजुरी ठरवली तर या कौशल्याला काहीच मोल उरणार नाही, आणि खर्च परवडत नाही म्हणून ग्राहकाने वस्तू तशीच परत नेली तर कारागिराचा वेळ पूर्ण वाया जाईल. म्हणून तपासणी शुल्क मुळात न्याय्यच आहे. तपासणी फुकट करणाऱ्या दुकानालाही हा खर्च कुठून तरी, बहुधा दुरुस्ती करून घेणाऱ्यांच्या बिलातून, भरून काढावा लागतो.

अ‍ॅडव्हान्सची गोष्ट वेगळी. शुल्क हे झालेल्या श्रमाचे असते, तर अ‍ॅडव्हान्स हा पुढे होणाऱ्या कामाच्या किमतीचा भाग असतो. ठरावीक मॉडेलचा स्क्रीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून मागवला आणि ग्राहक पुन्हा फिरकलाच नाही, तर तो स्क्रीन दुकानात पडून राहतो. त्यामुळे पार्टच्या किमतीइतकी आगाऊ रक्कम मागणे समजण्यासारखे आहे. बिघाड कळण्यापूर्वीच दुरुस्तीची पूर्ण रक्कम मागणे मात्र समर्थनीय नाही, कारण काय दुरुस्त करायचे हेच तेव्हा ठरलेले नसते.

कारागिराच्या मोबदल्याला कायद्याचाही आधार आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 नुसार, सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला, उलट करार नसेल तर, त्या सेवेचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. या हक्काला धारणाधिकार म्हणतात. त्याच अधिनियमाचे कलम 151 वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, सामान्य विवेकी माणूस स्वतःची वस्तू जशी जपेल तशी ती जपण्याचे बंधन घालते. हक्क आणि बंधन दोन्ही असूनही दुकानांत खटके उडतात, आणि त्यामागे बहुतेकदा शुल्काच्या आकड्यापेक्षा तो आधी न सांगितला जाणे हेच कारण असते.

म्हणून वस्तू हातातून सोडण्यापूर्वीच ग्राहकाने शुल्क किती, दुरुस्ती केल्यास ते बिलातून वजा होणार का आणि न केल्यास अ‍ॅडव्हान्समधील किती परत मिळणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. ठरलेल्या मर्यादेपुढे खर्च जाणार असेल तर विचारल्याशिवाय काम करू नये, हेही तिथेच नोंदवावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तिची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते.